साडेअठरा न्यूट्रॉन

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पेपरचा फोटो मिळाला. संध्याकाळचं दूध चढवून टेम्पो गेला, मग चष्मा लावून नीट पाहिला. 'क्लोरीनच्या अणूतील न्यूट्रॉनची संख्या काढा.' तू मूलद्रव्यांच्या तक्त्यातलं अणुवस्तुमान घेऊन त्यातून प्रोटॉन वजा केलेस: ३५.५ वजा १७, उत्तर १८.५. त्यावर ही एवढी लाल फुली. फोनवर तू फणकारलीस, "बाबा, वजाबाकी तर बरोबर आहे ना!" आहे की. पण तो अर्धा न्यूट्रॉन ठेवायचा कुठे गं?

मी बारावी सायन्स करून डेअरीवर बसलो, त्यामुळे समजवायला माझ्याकडे दुधाशिवाय काही नाही. आपल्याकडे सकाळी एक जण चार लिटर मिक्स दूध घालतात. तीन लिटर गाईचं, साडेतीन फॅटचं. एक लिटर म्हशीचं, साडेसातचं. मशीनवर फॅट लागते साडेचार. आता साडेचार फॅटचं जनावर बघायला त्यांच्या गोठ्यात गेलीस, तर रिकाम्या हाताने परत येशील. पावती खरी आहे, पण ती किटलीची आहे, गाईची नाही.

क्लोरीनचं अगदी हेच. निसर्गातल्या क्लोरीनच्या १०० अणूंमागे साधारण ७६ अणू ३५ वस्तुमानांकाचे (म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून ३५), २४ अणू ३७ चे. जवळजवळ तीनास एक. तीन वेळा ३५, एकदा ३७, भागिले चार: साडेपस्तीस. तक्त्यात छापलेलं अणुवस्तुमान म्हणजे ही किटलीची फॅट. न्यूट्रॉन काढायला एकेका अणूचा वस्तुमानांक लागतो, आणि तो पूर्णांकच असतो, कारण केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मोजूनच तो येतो. प्रोटॉन १७ हलत नाहीत. १६ झाले तर ते गंधक, १८ झाले तर अरगॉन. म्हणून ३५ मधून १७ गेले १८, किंवा ३७ मधून १७ गेले २०. दोन्ही क्लोरीनच. समस्थानिके म्हणतात ती हीच.

या अर्ध्याने तुलाच छळलंय असं समजू नकोस. १८१५ मध्ये प्राउट नावाच्या इंग्रज डॉक्टरने मांडलं होतं, की सगळ्या मूलद्रव्यांची वजनं हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावीत. क्लोरीनच्या साडेपस्तीसने त्याचं गणित बिघडवलं आणि ते शंभर वर्षं बिघडलेलंच राहिलं. शेवटी १९२० च्या सुमारास केंब्रिजला अ‍ॅस्टनने अणू वजनाप्रमाणे वेगळे करणारं यंत्र केलं. त्यात ३५ ची खूण उमटली, ३७ ची उमटली, आणि साडेपस्तीसला काहीच नाही! गंमत म्हणजे तेव्हा न्यूट्रॉन कुणाला सापडलेलाच नव्हता. तो चॅडविकने शोधला १९३२ मध्ये.

तुझी दुसरी तक्रार तांब्याची. मैत्रिणीने ६३.५ चे सरळ ६४ केले, २९ वजा करून ३५ न्यूट्रॉन लिहिले आणि तिला मार्क मिळाला. मला विचारशील तर तिचं उत्तर तुझ्याहून जास्त चुकलंय, फक्त दिसायला सभ्य आहे. आजीची तांब्याची कळशी आठवते ना? तिच्यात ३४ न्यूट्रॉनचे अणू आहेत आणि ३६ चे आहेत. ३५ वाला नाही. तो मुद्दाम तयार करावा लागतो आणि तेरा तासांच्या आत निम्मा संपतो. तुझा साडेअठरा निदान बघताक्षणी ओरडतो तरी. पूर्णांकात आणायची युक्ती सोन्याला चालते, कारण निसर्गात सोनं एकाच प्रकारचं: १९७ वजा ७९, ११८. आईच्या मण्यांमधल्या प्रत्येक अणूत तेवढेच. सोडियम, अ‍ॅल्युमिनियमलाही चालते. बाकी ठिकाणी जपून.

प्रश्नात वस्तुमानांक द्यायला हवा होता, हे तुझं म्हणणं मला पटलं. पण भांडायला जाऊ नकोस. पुढच्या वेळी दिला नसेल तर सरळ लिही, '३५ धरल्यास १८, ३७ धरल्यास २०.'

काळी म्हैस परवा व्याली, रेडी झाली. खरवसाचा डबा उद्या मामाबरोबर एसटीने पाठवतोय, पोचल्याबरोबर खा. त्याची फॅट विचारू नकोस, चीक मशीनला लावत नाहीत.

तुझे,
बाबा