सोनू, तुझ्या लिस्टबद्दल

चि. सोनू,

तुझ्या नव्या संस्थेसाठी घ्यायच्या सामानाची लिस्ट मिळाली. मोबाइलवर ती एक्सेल काही धड दिसेना, इकडे सरकवली की तिकडचं जाते, म्हणून काल बाजाराला घाटंजीला गेलो तेव्हा झेरॉक्सवाल्याकडून प्रिंटच काढून आणली, चार पानं, वीस रुपये घेतले त्यानं. रात्री जेवणं झाल्यावर लाल पेन घेऊन बसलो तर आई म्हणे पोरीचा पेपर तपासून राहिले काय. तसंच समज.

शेवटच्या पानावरची टोटल पहिले पाहिली, जुनी सवय आहे. तीन लाख बारा हजार. दोन नवे लॅपटॉप, सहा टॅब, हजेरीचं अॅप, देणगीदार सांभाळायचं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्यानं, वेबसाइट, हिशोबाचं सॉफ्टवेअर, झूमचा पैसेवाला प्लॅन, प्रोजेक्टर, आणि एकदम खाली प्रिंटर, त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह. तुझ्याजवळ सगळे मिळून साडेचार लाख आहेत असं तूच म्हणालीस. फिरत्या लायब्ररीची संस्था काढून राहिलीस आणि लिस्टमधे पुस्तकांची ओळच नाही बेटा, ती वेगळ्या शीटमधे असेल तर मला पाठवजो.

रागावू नको. मी काही कम्प्युटरवाला नाही, पण एकतीस वर्षं गावच्या सोसायटीचा, शेतकऱ्यांना पीककर्ज देते त्या सहकारी संस्थेचा, गटसचिव होतो आणि मशीनवर विश्वास ठेवून एकदा चांगला तोंडावर पडलो आहे. तुला अर्धवट आठवत असेल, पूर्ण सांगतो.

२००९ मधे आपल्या सोसायटीनं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, कोणाचं ते लिहीत नाही, आता उपयोग नाही. सीपीयूच्या मागं अंगठ्याएवढं हिरवं डोंगल लावायचं, त्याचा बारका दिवा लागला की प्रोग्राम उघडायचा, नाहीतर नाही. दर वर्षी एएमसीचे, म्हणजे देखभालीचे, पैसे, त्यावर टॅक्स, आणि वर्षातून एकदा एक पोरगा यायचा, भजे खायचा, अपडेट मारायचा, जायचा. चाललं होतं बरं. मंग २०१७ ची कर्जमाफी आली. सभासदांच्या याद्या मागवल्या, कोणाचं मुद्दल किती, व्याज किती, थकीत कधीपासून, सगळं रकान्यारकान्यात भरून पाहिजे आणि तेही आत्ताच. त्याच आठवड्यात रात्री जोराचा पाऊस, लाइन गेली, आली, पुन्हा गेली, आणि सकाळी पाहतो तर डोंगलचा दिवा लागेना. कंपनीला फोन लावला तर हा नंबर अस्तित्वात नाही. पांढरकवड्याहून एका रिपेरिंगवाल्याला आणलं, तो म्हणे काका हार्ड डिस्क एकदम ठणठणीत आहे, तुमचा सगळा डेटा आत आहे, फक्त उघडत नाही. म्हणजे पेवात धान्य भरलेलं आहे आणि तोंडावरची शिळा हलत नाही. बाहेर पोर्चमधे चाळीस-पन्नास माणसं उभी, कोणी बैलजोडी सोडून आलेलं, आणि मी आत त्या काळ्या स्क्रीनकडे पाहून राहिलो.

नशीब एवढंच की मी हातानं किर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च, लिहिणं सोडलं नव्हतं. सगळे हसायचे, सचिव दोन-दोनदा काम करते म्हणून. अकरा रात्री बसलो आपण. तू खतावणीतलं एकेक खातं मोठ्यानं वाचायची आणि मी एक्सेलमधे टाकायचो, आणि तू मधेच विचारायची, बाबा हे लाल शाईतलं कोणत्या रकान्यात? तेव्हा बारावीला होतीस.

म्हणून तुझ्या लिस्टमधल्या प्रत्येक ओळीपुढं मी लाल पेनानं एकच प्रश्न लिहिला आहे, हे बंद पडलं किंवा आपण बंद केलं तर माझा डेटा कोणाला न विचारता एक्सेलमधे बाहेर निघतो का? दुकानदाराला किंमत विचारायच्या आधी हे विचारजो. जो आं-ऊं करेल त्याला चहा पाजून वाटेला लाव. (सरकारनं २०२२ मधे देशभरातल्या ६३ हजार सोसायट्यांच्या कम्प्युटरायझेशनला २,५१६ कोटी मंजूर केले. सरकारचं चुकलं तर पुन्हा मंजूर करते, तुझ्या साडेचार लाखाला पुन्हा मंजुरी नाही.)

आता एकेक सांगतो, क्रमानं नाही, जसं सुचते तसं.

टॅब सहाचे सहा काट. तुझ्यासोबत काम करणाऱ्या सहाही गावातल्या पोरींजवळ स्वतःचे फोन आहेत आणि त्यांना त्याच फोनवर टाइप करायची सवय आहे, त्यांना रिचार्जचे पैसे दे महिन्याला, ते जास्त मानाचं वाटेल. २०२१ च्या ऑगस्टमधे राज्यभरातल्या अंगणवाडीच्या बायांनी सरकारी मोबाइल वापस केले होते ना, फोन स्लो, गरम व्हायचा, बिघडला की रिपेरिंगचा खर्च त्यांच्याच माथी आणि माहिती भरायचं पोषण ट्रॅकर अॅप इंग्रजीत. आपल्या अंगणवाडीची सेविका तेव्हा आईजवळ येऊन रडली होती. वर बसलेल्यानं वस्तू पसंत केली आणि खाली वापरणारीला विचारलंच नाही, असं तू करू नको. घ्यायच्या आधी आपल्या पोरीपैकी जिला सगळ्यात कमी जमते तिच्या हातात दे, अन् तू बाजूला गप बस, काही सांगू नको. पंधरा मिनिटात कळते.

हजेरीचं अॅपही काट. पण तिथं तू म्हणशील मंग गूगल फॉर्म. फुकट आहे, चांगलं आहे, माहीत आहे, पण बेटा पोडावर, कोलामांच्या वस्तीवर, रेंज कुठं आहे? नाल्याच्या पलीकडे गेलं की फोनवर नुसतं फुली येते, आणि गूगल फॉर्म नेट असल्याशिवाय भरताच येत नाही. त्याच्यापेक्षा कोबो टूलबॉक्स पाहजो, तुझ्या मावसभावानं दाखवलं मला, त्याच्या संस्थेत तेच वापरतात. फॉर्म एकदा फोनमधे उतरवून घेतला की रेंज नसली तरी भरता येतो, फोनमधेच साचत जातो, आणि पोरगी गावात वापस आली, नेट लागलं, की पाठवून टाकते. प्रश्न मराठीत टाकता येतात. लहान संस्थांना फुकट आहे, महिन्याची मर्यादा आहे पण सहा गावाच्या हजेरीला पुरून उरते, आणि मुख्य म्हणजे सगळं एक्सेलमधे बाहेर निघते, मी स्वतः काढून पाहिलं, मावसभाऊ हसत होता की काका आधी बाहेरच काढून पाहते. हो, मी आधी बाहेरच काढून पाहतो.

देणगीदाराच्या सॉफ्टवेअरवर मी दोन रेघा मारल्या. देणगीदार किती आहेत? तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणी, मामा, ते बँकेतले रिटायर्ड साहेब, मोजून पंचवीस. त्यांना एक शीट पुरते. नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तारीख, कशानं दिली, पावती नंबर, बस. पॅन मात्र पहिल्या दिवसापासून घे, लाजू नको, कारण ८०जी (देणाऱ्याला आयकरात सूट मिळवून देणारी मंजुरी) मिळाल्यावर वर्षाची देणगीदारांची यादी आयकर खात्याला ऑनलाइन द्यावी लागते आणि तेव्हा पंचवीस लोकांना फोन करून पॅन मागत बसणं म्हणजे वसुलीला फिरणंच आहे, मी केलं आहे, लोक रस्ता बदलतात. रोखीत दोन हजाराच्या वर कोणी दिलं तर त्याला ८०जी ची सूट मिळत नाही, हेही देणाऱ्याला आधीच सांगजो, मागून कुरबूर नको. पैसे घ्यायला क्यूआर कोड पुरे, यूपीआयला बँक आपल्याकडून काही कापत नाही, आणि तुझ्या त्या वेबसाइटवाल्यानं सुचवलेलं पेमेंटचं बटण साधारण दोन टक्के कापते, वर जीएसटी. पण क्यूआर संस्थेच्या खात्याचाच पाहिजे, तुझ्या नाही. खातं उघडायला महिना लागला तर महिनाभर पैसे घेऊ नको. आणि तुझी ती अमेरिकेतली मैत्रीण आता तिकडची नागरिक झाली म्हणतेस, तर तिचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी झाल्याशिवाय एक रुपयाही घ्यायचे नाहीत, प्रेमानं दिले तरी.

वेबसाइट. एक पानाची कर, त्याला मी नाही म्हणत नाही. पण ऐक. बाजूच्या तालुक्यातल्या एका मंडळाची वेबसाइट एका हौशी पोरानं करून दिली होती, डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता त्यानं स्वतःच्याच ईमेलवर घेतला, बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, त्याच्याजवळ कार्ड होतं आणि मंडळाजवळ नव्हतं एवढंच. पोरगा नोकरीला हैदराबादला गेला, नंबर बदलला, डोमेनची मुदत संपली, आणि दोन महिन्यात त्या पत्त्यावर ऑनलाइन रमीची जाहिरात. पावती पुस्तकावर तोच पत्ता छापलेला! अध्यक्षांनी शंभर पावती पुस्तकांवर काळ्या मार्करनं पत्ता खोडला, मी पाहिलं आहे बसून खोडताना. म्हणून डोमेन, ईमेल, सगळं संस्थेच्या नावानं, पासवर्ड दोन जणांजवळ, ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम संस्थेचं, आणि हे सगळं एका वहीत लिहून वही कपाटात. डोमेन घेताना दुसऱ्या वर्षाची किंमतही पाहजो, पहिल्या वर्षी नव्याण्णव रुपये दाखवतात आणि मंग दाखवतात खरा भाव.

फुकटवाल्या गोष्टींचं तू सगळं पहिल्या महिन्यात धरलं आहे, तसं होत नाही. गूगलचं संस्थांसाठीचं वर्कस्पेस (ईमेल, ड्राइव्ह वगैरे) फुकट मिळते, पोस्टर बनवायचं कॅनव्हा मिळते पन्नास जणांपर्यंत, मायक्रोसॉफ्टचंही आहे काही, पण हे सगळे पहिले नोंदणीचे कागद तपासतात. तेव्हा आधी सात जणांच्या सह्या, यवतमाळला धर्मादायच्या ऑफिसात फाइल, १८६० चा सोसायटीचा आणि १९५० चा ट्रस्टचा, दोन्ही कायद्याखालची नोंदणी, मंग पॅन, बँक, दर्पणवरचा, म्हणजे सरकारच्या संस्थांसाठीच्या पोर्टलवरचा, नंबर (तो फुकट मिळतो, कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नको), १२ए (संस्थेला स्वतःला करातून सूट), ८०जी. ते होईस्तोवर संस्थेच्या नावाचं साधं जीमेल काढ, १५ जीबी पुरेल, पोरांचे व्हिडिओ त्यात कोंबू नको म्हणजे झालं. झूम फुकटातलं चाळीस मिनिटात बंद पडते, ते उलट बरं आहे, आपल्या कार्यकारिणीतली माणसं मी ओळखतो.

हिशोबाचं सॉफ्टवेअर नको. सीएकडे आहेच. तू छापील नंबरची पावती पुस्तकं, व्हाउचर आणि रोजची किर्द ठेव, रोजची म्हणजे रोजची, रविवारी बसून आठवड्याची नाही. त्याचा फोटो काढून ड्राइव्हवर टाक दर शनिवारी.

लॅपटॉप एकच, तोही नवा नको. नागपूरला सीताबर्डीत कंपन्यांचे वापरलेले चांगले मिळतात, पण एक पाहून घेजो, विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, तेच माल स्वस्तात खपवून राहिले आहेत आता. चढत नसेल तर सोडून दे, नाहीतर विंडोजच्या जागी त्यावर फुकटातलं लिनक्स टाकून दे म्हणते तुझा मावसभाऊ, ते तुमचं तुम्ही पाहा. लिहायला अन् शीटला लिब्रेऑफिस आहे फुकट, पायरेटेड काही टाकू नको, संस्थेच्या मशीनमधे चोरीचा माल नको. वाचलेल्या पैशातून इन्व्हर्टरची बॅटरी आणि बाहेरची हार्ड डिस्क घे, आपल्याकडची लाइन तुला माहीत आहे.

एक गोष्ट तुझ्या लिस्टमधे कुठंच नाही. पोरांची नावं, जात, घरची परिस्थिती, फोटो, हे तू जमा करणार. डेटाचा कायदा २०२३ मधे झाला आहे, अठरा वर्षाखालच्या पोरांची माहिती घ्यायला आईबापाची संमती घ्यावी असं त्यात लिहिलं आहे. पण कायदा राहू दे. पोडावरच्या लोकांचे फोटो काढून नेणारे लय येऊन गेले. तू विचारून काढ, आणि लागते तेवढंच लिही. लायब्ररीला जात कशाला लागते?

आणि प्रिंटर, ज्याच्यापुढं तू प्रश्नचिन्ह टाकलं. तो पहिले घे. इंक टँकवाला, रंगीत. मागच्या महिन्यात मी तुझ्यासोबत पोडावर आलो होतो तर ती लहानी पोरगी पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून कोलामीत काहीतरी म्हणाली आणि तुला कळलं नाही, मला नाही कळलं, तिच्या आजीनं हसून सांगितलं. त्या आजीला बसवून असे शब्द लिहून घे, एका बाजूला कोलामी एका बाजूला मराठी, वर चित्र, आणि छापून वाट. हे कोणत्या दुकानात मिळणार नाही आणि कोणती कंपनी बंदही करू शकणार नाही. प्रोजेक्टरचं पुढच्या वर्षी पाहू.

माझ्या हिशोबानं लिस्ट ब्याऐंशी हजारावर आली. तुला पटलं नसेल तिथं भांड, पण आकडे घेऊन भांड.

शनिवारी येशील तेव्हा तुझा जुना फोन घेऊन येजो, तो कोबोचा फॉर्म त्यात टाकू आणि रविवारी सकाळी पोडावर जाऊन पाहू नाल्यापलीकडे चालते का. आई विचारते जवसाची चटणी मिक्सरची चालेल की पाट्यावरचीच पाहिजे.

तुझे,
बाबा