मंत्रीमहोदय, शांतता समितीच्या सदस्यालाच नोटीस?

मा. मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार. (आम्ही ख्रिस्ती मंडळी आपसात ‘सलाम’ म्हणतो, पण हल्ली त्याचाही भलता अर्थ निघतो, म्हणून नमस्कारच.)

गणपतीआधीच्या शांतता समितीच्या बैठकीला आपण आला होतात. मला शाल-श्रीफळ दिलंत आणि माईकवरून म्हणालात, ‘गुरुजी, नाताळच्या गाण्यांना बंदोबस्त माझा.’ शाल अजून पिशवीतच आहे.

२३ डिसेंबरच्या रात्री आमची भजनमंडळी निघाली. बारा माणसं, त्यात सात बायका. पेटी, तबला, झांजा. चौथ्या घरापाशी दहा-पंधरा पोरांनी अडवलं, ‘बाटवायला आलात का?’ घर माझ्या चुलतभावाचं, तो जन्माचा ख्रिस्ती. बाटवणार कुणाला? झटापटीत पेटीचा भाता फाटला. आमची पोरं बाह्या सरसावून पुढे झाली, त्यांना मीच हात जोडून मागे ओढलं. अडवणाऱ्यांत माझे दोन विद्यार्थी होते. एक मोबाइलवर शूटिंग करत होता. त्याला पाढे मी शिकवलेत.

बंदोबस्त दुसऱ्या दिवशी आला, कलम १४९ ची नोटीस घेऊन, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच पोलिसांनी दिलेली ताकीद. (नव्या कायद्यात आकडा बदललाय म्हणे, कागद तोच.) ‘आपल्याकडून शांततेचा भंग झाल्यास...’ माझ्याकडून! एकोणीस वर्षं विसर्जन मिरवणुकीत पाण्याचा ड्रम घेऊन उभा राहतो, बीपीची गोळी खाऊन. चर्चमधली तरणी पोरं आता मला ‘शांतिदूत’ म्हणून चिडवतात. मंडळीच्या सभेत एकजण म्हणाला, ‘गुरुजींनी आपला दुसरा गाल पुढे केला, वर आमचाही केला.’ मला उत्तर सुचलं नाही.

राज्यात आम्ही एक टक्कासुद्धा नाही. २०११ ची जनगणना काढा, अकरा लाखही भरत नाहीत. एवढ्यांनी म्हणे अख्खा महाराष्ट्र धोक्यात आणलाय! २०२५ च्या जूनमध्ये सत्ताधारी बाजूच्या एका आमदारांनी पाद्र्यांना मारणाऱ्यांना लाखांची बक्षिसं जाहीर केली. त्यांच्या घरी १४९ घेऊन कोण गेलं होतं?

आणि ते ‘आमिष’. आम्ही म्हणे आमिष दाखवून लोकांना ख्रिस्ती करतो. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीची सवलत जाते. शिखांना ती १९५६ मध्ये मिळाली, बौद्धांना १९९० मध्ये. आम्ही आयोगांचे अहवाल वाचत बसलोय. शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव जागा सगळं घालवायचं, हे आमिष? असलं आमिष आपण तरी घ्याल का, साहेब? ‘परदेशी धर्म’ म्हणता, तर फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, शिवरायांच्या जन्माच्या चौदा वर्षं आधी. आणखी किती शतकं राहिलो की आम्ही इथले?

नोटीस मागे घ्या, आणि आमची तक्रार ठाण्यात नोंदवून घ्यायला सांगा. त्या दोन पोरांना आत टाका असं मी म्हणत नाही. त्यांना माझ्यासमोर बसवा, एवढंच.

शिवजयंतीआधी पुन्हा बैठक आहे. मी येणार आहे. शालही आणतो, त्याच पिशवीतून.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक

सोबत: नोटिशीची झेरॉक्स, भाता दुरुस्तीची १,८०० रुपयांची पावती