सूचना: संशोधन निधीचे अर्ज आणि आयआरबी (संशोधनाची नैतिकता तपासून परवानगी देणारी समिती)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत डीओच्या (ऑस्टिओपॅथिक डॉक्टरकीच्या पदवीच्या) पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या सर्व मुलामुलींना ही आठवण. उन्हाळी संशोधनाच्या विद्यावेतनाची शेवटची तारीख आपापल्या कॉलेजच्या रिसर्च ऑफिसला याच आठवड्यात विचारून घ्या. 2022 पासून कॉमलेक्स या डीओच्या परवाना परीक्षेच्या लेव्हल 1 मध्ये फक्त पास-नापास कळतं, त्यामुळे रेसिडेन्सीच्या (पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या) अर्जात पोस्टर आणि पेपरला वजन आलंय.

एफ-1 व्हिसावाल्यांनी नीट वाचा. एनआयएचच्या (अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेच्या) एनआरएसए या संशोधन प्रशिक्षणाच्या फेलोशिप फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठी असतात, त्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी कॉलेजचा अंतर्गत निधी पाहा, किंवा एनआयएचचं आर15 अनुदान मिळालेल्या प्राध्यापकांना भेटा. एनआयएचचा पैसा कमी पोहोचतो अशा संस्थांसाठीच ते अनुदान आहे आणि त्यात विद्यार्थ्यांना कामात घेणं अपेक्षितच असतं.

आता आयआरबी. कळकळीने सांगते, निधीच्या निकालाची वाट न बघता तिकडचा अर्ज आधी टाका. माझ्या पाठदुखीच्या प्रकल्पाला पैसे मंजूर झाले होते, पण परवानगीचं पत्र आलं जुलैच्या शेवटी. ओएमटीचं (हातांनी करायच्या ऑस्टिओपॅथिक उपचाराचं) टेबल, संमतीपत्रांचा गठ्ठा, सगळं तयार होतं. रुग्ण मात्र एकही तपासता आला नाही. फक्त जुन्या केसपेपरवर काम करणार असलात तरी आयआरबीला विचारावं लागतंच.

बजेटमध्ये पोस्टरची छपाई आणि संख्याशास्त्राची मदत धरायला विसरू नका.

मसुदा वाचून हवा असेल तर रविवार रात्रीपर्यंत मला पाठवा. प्रत्येकाचा वाचेन.