प्लेट खरी, लॉक बेपत्ता

महोदय,

महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावायची मुदत २०२५ साली पुन्हा पुन्हा कशी वाढली, प्लेटचे दर काय, अपॉइंटमेंट का मिळत नाही, हे सगळं आपल्या दैनिकात येऊन गेलं. इकडे इंदुरातही गप्पा त्याच. पण ती प्लेट गाडीला धरून कशाने ठेवली आहे, हे कुणी विचारत नाही. मला त्याबद्दल लिहायचं आहे.

मी डेंटिंग-पेंटिंगवाला. छावणीकडे आमचं लहानसं गॅरेज आहे, ते आता भाचा बघतो. मी सकाळी जाऊन बसतो, चहा घेतो आणि पोरांच्या कामात खुसपटं काढतो. बंपरच्या कामाला येणाऱ्या गाड्यांच्या प्लेटा बघणं हा त्यातलाच एक उद्योग. प्लेट असली असते. होलोग्राम असतो, डाव्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला क्रमांक असतो. आणि ती बसवलेली असते चार साध्या स्क्रूंवर.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ५० वा नियम याबाबत स्पष्ट आहे. मागची प्लेट न निघणाऱ्या आणि पुन्हा न वापरता येणाऱ्या स्नॅप लॉकने बसवायची. पुढून घातलेला दांडा मागच्या टोपीत जाऊन अडकतो. नंतर काढायचा तर तोडावाच लागतो. सगळी मेख इथेच आहे. होलोग्राम आणि लेझर क्रमांक प्लेट असली असल्याचं सांगतात, पण ती ज्या गाडीची आहे तिच्यावरच राहील याची हमी लॉक देतं. लॉक नसेल तर असली प्लेट चोराला नकलीपेक्षा जास्त सोयीची! स्क्रू ड्रायव्हर घेऊन यायचं, प्लेट काढायची, दुसऱ्या गाडीला लावायची. मग पलासियाच्या चौकात कॅमेऱ्याने सिग्नल तोडणारा टिपला की ई-चालान मूळ मालकाच्या मोबाइलवर येतं. तेही पुन्हा चालानावर थांबलं तर नशीब.

मग लॉक जातात कुठे? बऱ्याचदा आमच्यासारख्या गॅरेजातच जातात. गाडी ठोकली, बंपर रंगायचा, तर प्लेट उतरवावी लागते. लॉकचं डोकं ड्रिलने उडवावं लागतं, दुसरा मार्ग नाही आणि त्यात गैरही काही नाही. रंग वाळला, बंपर चढला, गाडी न्यायला मालक दारात उभा. इथे सगळं बिघडतं. ‘काका, चार पेंच मार दो, कौन देख रहा है?’ हे वाक्य आमच्याकडे रोज ऐकू येतं. आणि खरंच कोण बघतो? कॅमेरा आकडे वाचतो, हवालदार होलोग्राम बघतो. लॉककडे वाकून बघणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

आमचं एक गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, नियमाने वागायचं म्हणून बंपर झाल्यावर प्लेट बसवणाऱ्या केंद्रावर गेल्या. नुसतं लॉक बसवून मिळणार नाही, नवी प्लेट बुक करा, असं त्यांना तिथे सांगण्यात आलं. प्लेटवर ओरखडासुद्धा नव्हता! गंमत अशी की तसली सुटी लॉकं ऑनलाइन कुणीही मागवू शकतो, आधार नको की आरसी नको. म्हणजे सरळमार्गी माणसाला लॉक मिळत नाही आणि ज्याला मिळू नये त्याला ते घरपोच येतं.

समोरच्या काचेचंही तेच. आतून डाव्या बाजूला लावायचा स्टिकर ही कायद्याने तिसरी नंबर प्लेट. त्यावर नोंदणी क्रमांक, इंजिन आणि चेसिस नंबर, दोन्ही प्लेटांचे लेझर क्रमांक असतात. काढायला गेलं की तो फाटतो, मुद्दाम तसाच बनवलेला आहे. काच बदलली की स्टिकर गेला. पुन्हा लावून घेतलेला क्वचितच दिसतो.

स्क्रूचा प्रश्न नुसता चोरीचाही नाही. प्लेट १ मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमची. बंपर प्लॅस्टिकचा, मे महिन्यात तो अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त फुगतो. घट्ट आवळलेल्या स्क्रूपाशी प्लेटला पोक येतं, सैल ठेवला तर खड्ड्याखड्ड्याला ती थडथडते आणि गोल भोक लांबट होत जातं. लोखंडी स्क्रू पावसात भिजला की त्याच्याभोवती अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. ती दिसली की समजावं, तिथला पत्रा झिजतोय. अशीच एक प्लेट मागच्या पावसाळ्यात उज्जैनच्या रस्त्यावर कुठेतरी गळून पडली. मालकाला ते घरी आल्यावर कळलं. मग पोलिसांत तक्रार, तिची प्रत, नव्या प्लेटचं बुकिंग.

आणि ड्रिल चालवणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पुढच्या बंपरमागे फार जागा नसते. लांब स्क्रू किंवा सुटलेलं ड्रिल सरळ एसीच्या कंडेन्सरला भिडतं. गॅस गेला की प्लेटच्या कामाचा खर्च कुठल्या कुठे जातो. डिक्कीच्या पत्र्यामागे नंबरवरच्या दिव्याची वायर असते, हल्ली कॅमेऱ्याचीही. ती कापली गेली की दिवा बंद. हा दिवा शोभेचा नाही. रात्री मागचा नंबर १५ मीटरवरून वाचता यायला हवा, असं नियमच सांगतो. म्हणून भोकं नवी पाडू नयेत. कंपनीने दिलेल्या जागी, मागे पट्टी किंवा ब्रॅकेट देऊन प्लेट बसवावी.

शोभेच्या फ्रेमबद्दल काय बोलावं! प्लेटवर जाड काळी चौकट ठोकतात, तिच्याखाली लेझर क्रमांक आणि निळं आयएनडी दोन्ही गडप. क्रॅश गार्डविरुद्ध केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच लिहिलं होतं, तरी आमच्या रिंग रोडवर प्लेटसमोर नळ्यांचा पिंजरा घेऊन जीपगाड्या मजेत फिरतात.

माझं मागणं मोठं नाही. विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या एस्टिमेटमध्ये बंपरची प्रत्येक क्लिप, ब्रॅकेट, प्रायमर, क्लिअर कोट धरलेला असतो, तसं दोन लॉकचं आणि ती बसवायचं कामही धरावं. परिवहन खात्याने प्लेट बसवणाऱ्या केंद्रांना फक्त लॉक बदलून द्यायला सांगावं, दर ठरवून द्यावा आणि प्लेटच्या लेझर क्रमांकासमोर ‘वाहन’ पोर्टलवर त्याची नोंद घ्यावी. सुटी लॉकं उघड विकणं बंद करावं. तपासणीला नवी यंत्रणा उभारायचीही गरज नाही. पीयूसी काढताना प्लेटचा फोटो घेतातच. तोच जरा जवळून घेतला तर लॉक आहे की स्क्रू, ते दिसेल.

हे होईपर्यंत वाचकांनी आपल्या गाडीच्या मागे एकदा वाकून बघावं. लॉकचं डोकं गुळगुळीत असतं. त्यावर स्क्रू ड्रायव्हर बसेल अशी खाच दिसली, तर शेवटचं बंपरचं काम जिथे झालं त्या गॅरेजात विचारावं. आमच्या गॅरेजात झालं असेल तर भाच्याला विचारावं, मी शेजारीच बसलेला असतो.

आपला,
एक जुना डेंटर
लोकमान्य नगर, इंदूर