स्मरणिकेत अख्खा वर्ग यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरातल्या जुन्या शाळांच्या सुवर्णमहोत्सवी, अमृतमहोत्सवी स्मरणिका चाळल्या, की 'आमचे माजी विद्यार्थी' या पानावर डॉक्टर, वकील, अधिकारी आणि परदेशातले इंजिनिअर भेटतात. त्याच बाकांवर बसून पुढे कोराडीच्या वीज केंद्रात तीस वर्षे पाळी केलेला, मिल बंद पडल्यावर इतवारीत दुकान टाकलेला, काटोलकडे संत्र्याच्या बागेत परतलेला, डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालेली, यांतले कोणीच दिसत नाही. रोज घंटा वाजवणारे शिपाई तर ग्रुप फोटोच्या कडेलाही नसतात. माजी विद्यार्थी-नोंदीचे काम करणारे आम्ही काही जण आहोत. सगळ्यांची नोंद होऊ शकते, हे आम्ही खात्रीने सांगतो. अट एकच, कामाची सुरुवात व्हॉट्सअॅप ग्रुपवरून करू नये. ग्रुपवर तेच असतात, ज्यांचा पत्ता आधीच लागलेला असतो.

सुरुवात दाखल-खारीज रजिस्टरपासून करावी. त्यात रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख, इयत्ता, सोडण्याचे कारण आणि शेरा असतो. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि काम शाळेतच, लिपिकांच्या समोर करावे. ही वही कायमस्वरूपी जपायची असते आणि जात पडताळणीत पुरावा म्हणून मागवली जाते, त्यामुळे ती घरी नेऊच नये. फ्लॅटबेड स्कॅनरवर दाबली तर शिवण सुटते. टेबलावर उघडी ठेवून, मोबाइल स्टँडला लावून, खिडकीच्या उजेडात फ्लॅश न वापरता फोटो काढावेत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांत टेप पिवळी पडते, डिंक कागदात मुरतो आणि शाईसकट अक्षर जाते. सुटे तुकडे कागदी पाकिटात घालून त्याच पानाशी ठेवावेत. हे काम हिवाळ्यात उरकलेले बरे. आपल्याकडच्या मे महिन्यात जुना कागद हातात मोडतो आणि पावसाळ्यात पाने एकमेकांना चिकटतात.

जात-धर्माच्या रकान्याचा फोटो ग्रुपवर जाता कामा नये. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर या शहरातल्या कितीतरी घरांची त्या रकान्यातली नोंद बदलली, एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या भावंडांची नोंद वेगळी असू शकते. तो त्या घराचा इतिहास आहे, स्मरणिकेचा मजकूर नव्हे. फोन नंबर आणि पत्तेही संमतीशिवाय छापू नयेत.

एक्सेलच्या तक्त्यात ओळख पटवायला रजिस्टर क्रमांकच धरावा. नावावर विसंबता येत नाही, आणि जन्मतारखेवर तर अजिबात नाही. पूर्वी तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून किंवा १ जुलै अशी ठरावीक तारीख लिहून मोकळे होत, म्हणून एका वर्गात त्याच तारखेचे चार-पाच जण सहज निघतात. मुलींसाठी माहेरचे आणि सासरचे नाव असे दोन वेगळे रकाने हवेत. एकच रकाना ठेवला की निम्मा वर्ग सापडत नाही आणि 'मुलींचा संपर्क नाही' असे लिहून फाइल बंद होते. 'बॅच' म्हणजे शाळा सोडल्याचे वर्ष की बोर्डाची परीक्षा पास झाल्याचे, हेही आधीच ठरवावे. दहावीला विषय राहून तेव्हाच्या ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसलेले विद्यार्थी नाही तर दोन्ही याद्यांतून गळतात. शेऱ्यात 'सतत गैरहजर, नाव कमी केले' असे असेल, तर ते नाव गाळू नये. पुढे काय झाले हे सगळ्यात आधी त्याच्याबद्दल शोधावे.

पुढच्या वाटचालीत संस्थांची नावे फार घोळ घालतात. मॉरिस कॉलेज म्हणजेच आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था. व्ही.आर.सी.ई. हे अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ मध्ये व्ही.एन.आय.टी. झाले. नागपूर विद्यापीठाच्या नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव २००५ मध्ये आले. अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्याचा मुलगा 'बाबा यंत्र इंडियात होते' असे सांगेल, पण ही फॅक्टरी आज जिच्याकडे आहे ती कंपनी २०२१ ची. माणूस सांगेल ते नाव तसेच ठेवावे आणि शेजारी आजचे नाव लिहावे. 'हुद्दा' विचारू नये, 'पहिले काम कोणते आणि आता काय करता' असे विचारावे. हुद्दा विचारला की गृहिणी आणि शेतकरी रकाना रिकामा सोडतात.

कर्मचाऱ्यांसाठी मस्टर आणि पगारपत्रके काढावीत. शिक्षक ५८ व्या वर्षी आणि चतुर्थश्रेणी कर्मचारी ६० व्या वर्षी निवृत्त होतात, तेव्हा शिक्षकांचाच हिशेब लावला तर शिपायाचे निवृत्तीचे साल दोन वर्षांनी चुकते. मस्टरवरून मधेच नाव गेले म्हणजे नोकरी सुटली असेही नाही. मंजूर जागांपेक्षा अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत समायोजन झालेले असू शकते, किंवा संस्थेच्याच दुसऱ्या शाखेत बदली.

सगळ्यात भयंकर चूक म्हणजे हयात माणसाच्या नावामागे 'कै.' लागणे. एका नावाचे दोघे असतात, ग्रुपवर एक जण 'तो गेला ना' लिहितो, खाली वीस जण हात जोडतात आणि नोंद पक्की होते. घरच्या माणसाचा शब्द किंवा वर्तमानपत्रातले निधनवृत्त हाती असल्याशिवाय 'कै.' लिहू नये. प्रत्येक नोंदीपुढे माहिती कोणी, कोणत्या तारखेला दिली हे हवेच. काहीच कळले नाही तर 'माहिती मिळाली नाही' एवढेच छापावे, पण नाव छापावे.

शेवटचा घोटाळा छपाईत होतो. यादी युनिकोडमध्ये टाइप करावी. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती चिन्हे दाखवते, तिच्यात नाव शोधताही येत नाही. डीटीपीवाल्याने फॉन्ट बदलला की 'गोऱ्हे', 'कुऱ्हाडे' अशा नावांतला ऱ्ह तुटतो. म्हणून अंतिम प्रुफे त्या त्या वर्गातल्या दोघांनी वाचावीत, एकाने रजिस्टरवरून मोठ्याने आणि दुसऱ्याने छापील पानावर बोट ठेवून. यंदा महोत्सव असलेल्या शाळांनी स्मरणिकेच्या शेवटी एक कोरी दुरुस्ती-चिठ्ठी शिवावी आणि ती शाळेच्या कार्यालयात आणून देण्याची मुदत किमान सहा महिने ठेवावी, ही विनंती.

आपले,
माजी विद्यार्थी-नोंदीचे काम करणारे काही जण,
महाल, नागपूर