कुदळ शोधू नका

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

कुदळ माझ्या गाडीच्या डिकीत आहे. येळवसेच्या (वेळ अमावस्येच्या) सणाहून परतताना न विचारता आणली. बाबा, रागवा हवं तर. मणक्याच्या डॉक्टरांनी दोनदा बजावूनही तुम्ही वांग्याचा वाफा खणायला घेतला होतात. आईनं नाही सांगितलं, तुमच्या चालण्यावरून कळलं. परसबाग बंद करा असं मी म्हणत नाही. खणायचं काम तेवढं दुसऱ्याकडं द्यायचं. माती उकरायला सहा कोंबड्या सांगून ठेवल्यात, पैसेही देऊन झालेत.

आई, गळ्यात माळ असताना दारात कोंबड्या कशा, हे तू म्हणणारच. कापायचा प्रश्नच नाही. अंडी शेजारच्या काकूंच्या लेकरांना. अंडी थांबली तरी कोंबडीचं उकरणं थांबत नाही, त्यामुळं म्हाताऱ्या झाल्या तरी त्या आपल्याकडंच राहतील. कोंबडा घेतलेला नाही. अंड्यांसाठी तो लागत नाही, आणि पहाटे तुझ्या जपात आरवणं नको. खुराडं स्वयंपाकघरापासून लांब, शेवग्याखाली ठेवायचं. त्याचे पाय तीन फूट उंच केलेत, दार छातीशी येतं, वाकायला नको.

ग्रामप्रिया जातीच्या आहेत, साडेचार महिन्यांच्या, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिलेल्या. पहिले सात दिवस खुराड्यातच कोंडून ठेवा, म्हणजे घर ओळखतील. रोज डब्यात ज्वारी खुळखुळवून मगच दाणे टाका. आठवड्यानं नुसत्या आवाजावर मागं येतील, पकडायला धावावं लागणार नाही.

दिवसाचा पिंजरा आठ बाय चार फुटांचा आहे, आपल्या वाफ्याएवढाच. वर आणि चारी बाजूंनी जाळी, खाली तळ नाही. पाइपांचा असल्यानं हलका आहे. एका टोकाला दोन चाकं, दुसऱ्या टोकाला लांब दोरी. उभ्यानं ओढा, पण हळू, नाहीतर मागं राहिलेलीचा पाय पाइपाखाली सापडतो. वावटळीत उलटू नये म्हणून चारी कोपऱ्यांत खुंट्या ठोकायच्या. ते काम गड्याचं.

वाफा असा तयार करा. वांग्याची जुनी झाडं बुडाशी कापा, उपटू नका. चार-पाच बादल्या पाणी शिंपडा आणि वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्या. काळ्या मातीचं तुम्हाला मी काय सांगणार! ओल्यात कोंबड्या सोडल्या तर पायांनी चिखल तुडवतात, मग वाळून अशी ढेकळं होतात की त्यापेक्षा कुदळ बरी. वाफसा आला की तुरीचं भुसकट किंवा सोयाबीनची गुळी चार बोटं जाड पसरा, तिच्यावर मूठभर ज्वारी फेका आणि पिंजरा ठेवा. दाण्यासाठी त्या सगळा थर खालीवर करतात. तिसऱ्या दिवशी भुसकटाचा मधोमध ढीग घाला, संध्याकाळपर्यंत सपाट झालेला दिसेल. बाबा, हे खुर्ची टाकून बघा, करमणूक आहे.

सात दिवस झाले की पुढचा वाफा. जास्त ठेवल्या तर माती दाबली जाते, धुळीत अंघोळीचे खड्डे पडतात आणि शीट मापाबाहेर होते. कोंबडी म्हणजे नांगर नव्हे. दोन-तीन इंचांच्या खाली ती जात नाही. किडे, अळ्या, तणाचं बी, कोवळं गवत फस्त करते, पण हराळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी तशाच राहतात. त्यांना गडी लावा, मजुरी मी पाठवते.

दिवसाची शीट वाफ्यातच पडते. ताजं कोंबडखत गरम. त्यातल्या नत्राचा अमोनिया होऊन रोपांची मुळं जळतात. म्हणून पिंजरा हलवला की वाफा पाचटानं झाका, ओलसर ठेवा, आणि तीन-चार आठवडे काही लावू नका. मग दोडका, कारली, भेंडी. मेथी-कोथिंबिरीला मात्र चार महिने थांबा. कच्ची खायची, मातीला टेकणारी भाजी आहे. रात्रीची शीट खुराड्याखालच्या पत्र्यावर जमते. एक घमेलं शिटीला तीन घमेली भुसकट मिसळून ढीग घाला, अडीच-तीन महिन्यांनी खत. वास सुटला तर ओल जास्त झाली समजा, वर कोरडं भुसकट टाका. झाडताना तोंडाला रुमाल बांधा, बाबा. तुमच्या दम्याला ही धूळ चालणार नाही.

आई, एक घास चिऊचा, एक घास काऊचा म्हणत जेवू घालणारी तू, सहा पाखरांना उपाशी ठेवणार नाहीसच. उलट जास्त घालशील, आणि पोट भरलेली कोंबडी उकरत नाही. सकाळी दरडोई पन्नास-साठ ग्रॅम खाद्य, बाकीचं संध्याकाळी खुराड्यात. कच्चं सोयाबीन नको, पचत नाही. कोठीतलं औषध लावलेलं गुलाबी बियाणं तर कुलपातच ठेवा, ते विष आहे. उन्हाळ्यात पश्चिमेला ओलं बारदान बांधा, पाणी दोनदा बदला. चोच उघडून धापा टाकायला लागल्या की सावलीत घ्या. पावसाळ्यात वाफ्यावर सोडूच नका.

दिवा लावला की सहा मोजायच्या आणि कडीत खिळा अडकवायचा. मुंगूस लहानशा भोकातूनही शिरतं, म्हणून खुराड्याला बारीक जाळी लावलीय. बाबा, २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता, ते तुम्ही काढणार हे मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगते: एखादी मलूल झाली, हिरवं हगली किंवा मान वाकडी केली तर वेगळी ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेलीला उघड्या हातानं शिवू नका. एरवीही अंडी काढली की साबणानं हात धुवा.

टेम्पो शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला येईल. फाटकाची कडी काढून ठेवा. खुराडं उतरवायला दोन पोरं बरोबर आहेत. बाबा, तुम्ही हात लावायचा नाही.

तुमची,
थोरली