‘त्या काळी तसंच होतं’ हे कोणी ठरवलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला बायबल आणि गुलामगिरीवरचा लेख दोनदा वाचला आणि रात्री झोप लागली नाही. लेखक अभ्यासू आहेत, भाषा सभ्य आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण नीती काळाप्रमाणे बदलते, तेव्हा सगळेच गुलाम ठेवत, म्हणून आज त्यावर बोट ठेवू नये, हे मला अजिबात मान्य नाही. आणि ती गुलामगिरी म्हणजे जवळपास घरगड्याची नोकरीच होती, हे वाक्य तर त्यांनी लिहायलाच नको होतं.

मी ख्रिस्ती आहे, रोज शास्त्र वाचते. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की धन्यानं काठीनं मारलेला दास एक-दोन दिवस जगला तर धन्याला शिक्षा नाही, कारण दास हे त्याचं धन आहे. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्यात परक्या राष्ट्रांतून विकत घेतलेले दास मुलांना वारसा म्हणून ठेवायची मुभा आहे. याला कोणी नोकरी म्हणतं का? हे वाचताना मला लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे. पण त्याच शास्त्रात, अनुवाद या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात, धन्याकडून पळून आलेल्या दासाला परत त्याच्या हवाली करू नका, त्याला आवडेल तिथं राहू द्या, अशीही आज्ञा आहे. लेखकांनी ती दिलीच नाही. माझा संताप आहे तो त्यासाठी.

माझे आबा सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं. आत्याच्या लग्नासाठी त्यांनी उचल घेतली होती. ती फिटेपर्यंत दुसरीकडे जायची सोय नव्हती. मी चौथीत असताना धन्याच्या बैलाचा खांदा सुजला आणि त्याबद्दल आबांना पराणीनं मारलं. ते रात्रीच ओढ्याच्या कडेकडेनं घरी आले. सदरा पाठीला चिकटला होता; आईनं कोमट पाणी घालून घालून तो सोडवला. कंदील मी धरला होता. सकाळी धन्याचा माणूस आला, बरोबर आमचे पाळकसाहेब. त्यांनी शास्त्र उघडलं, इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय काढला, दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं हे वचन वाचलं, प्रार्थना केली आणि आबांना परत जायला सांगितलं. प्रार्थनामंदिरावरचे नवे पत्रे त्याच बागायतदारानं दिले होते, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. ती दारातूनच म्हणाली, “पाळकसाब, एवढ्या थोरल्या पुस्तकात ह्येच पान घावलं व्हय?”

आबा गेले. पाडव्यापर्यंत राबले. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. तो यायला अजून अवकाश होता. म्हणजे लेखकांच्या हिशेबानं हेही ‘त्या काळी तसंच होतं’ मध्येच बसतं. पण माझ्या आईला ते चूक आहे हे त्याच काळात, त्याच दारात कळत होतं. मग त्या काळाचं मत म्हणून कोणाचं धरायचं? पत्रे देणाऱ्याचं? ज्यानं मार खाल्ला त्याचं मत त्या काळात धरायचंच नाही का? अनुवादातली ती आज्ञा पुढे डी.एड.ला असताना माझ्या वाचनात आली, तेव्हा आबा हयात नव्हते. पाळकसाहेबांच्या वाचनात ती नव्हती, हे मी आजही मानायला तयार नाही.

आणि माझी आई एकटीच नव्हती. आजच्या तुर्कस्तानातल्या निस्साचे बिशप ग्रेगरी चौथ्या शतकात उपदेशक या पुस्तकावर प्रवचन करताना गुलाम बाळगणाऱ्यांना विचारत होते, की देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही केली तरी कशी? अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १६८८ मध्ये गुलामगिरीचा लेखी निषेध केला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं बंद व्हायला १८६५ उजाडलं. १८०७ मध्ये लंडनला वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी वेगळं बायबल छापलं गेलं. त्यातून मोशेनं इस्राएली लोकांना मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामगिरीतून सोडवून नेल्याची हकिगत काढून टाकली होती. ख्रिस्तात कोणी दास नाही, कोणी स्वतंत्र नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचनही काढलं. धन्याची आज्ञा पाळा, हे मात्र ठेवलं. गुलामगिरी त्या काळी सर्वांनाच योग्य वाटत होती, तर एवढी पानं गाळायची गरज का पडली? गुलामाच्या हाती ती गेली तर काय होईल, हे छापणाऱ्यांना पक्कं माहीत होतं.

आपल्याकडचंही बघा. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली, त्यांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, इथं शेजारच्या सातारा जिल्ह्यात. काळ तर त्यांचाही तोच होता.

लेखकांनी पुढच्या रविवारी अनुवादातली ती दोन वचनं छापावीत, माझ्या पत्राचं उत्तर दिलं नाही तरी चालेल.

आणखी एक. आम्हा ख्रिस्ती लोकांची आठवण आपल्या दैनिकाला नाताळच्या केकपुरतीच होते. दफनभूमीच्या रस्त्यावरच्या दिव्यांबद्दलचं माझं मागचं पत्र आपण चार ओळींवर आणलंत, आणि त्यातला रस्त्याचा उल्लेखच गेला. दिवे अजून बंद आहेत. परवाच एका अंत्यविधीला लोक मोबाइलच्या उजेडात चालत गेले.

जागेची अडचण मला समजते. कापावंच लागलं तर बिशप ग्रेगरी आणि क्वेकर मंडळींचा भाग कापा. आबांचा मजकूर आहे तसा छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज, जि. सांगली
(विनंतीवरून नाव दिलेले नाही)